विश्लेषण : रोजचे दुखणे, रोजची गोळी... डॉक्टरांना नेमके काय सांगायचे?

सकाळच्या लोकलमध्ये शिरायलाच मिळत नाही, म्हणून कळव्यातील अनेक प्रवासी कारशेडपर्यंत चालत जातात आणि तिथून निघणारी रिकामी गाडी पकडतात. ज्यांचा गुडघा किंवा कंबर दुखते, त्यांनाही हाच मार्ग असतो. दिवसभर उभ्याने किंवा खुर्चीत बसून काम करायचे आणि परतताना पुन्हा स्थानकाचा पूल चढायचा. एक गोळी घेतली की दिवस निभावतो. आधी आठवड्यातून एकदा घेतलेली ही गोळी मग एक दिवसाआड आणि पुढे रोजची होते. पित्त वाढते, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. मात्र या तक्रारी आणि ती गोळी यांचा संबंध डॉक्टरांसमोर जुळत नाही, कारण त्या गोळीचा उल्लेखच झालेला नसतो. दीर्घकालीन वेदनेवरील उपचारांत रुग्णाने काय सांगायचे, डॉक्टरांना काय विचारायचे आणि दुष्परिणाम दिसल्यास काय करायचे, याविषयी...

दीर्घकालीन वेदना म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना ही दीर्घकालीन मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. तोवर दुखणे हे दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षण म्हणूनच नोंदले जात असे.

दुखण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. सांध्याची झीज, सूज किंवा दुखापत यांमुळे होणारी वेदना हा पहिला. मधुमेहात तळपाय भगभगतात किंवा मणक्यातील नस दबून पायात कळ जाते, ती मज्जातंतूंतून येणारी वेदना हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात तपासणीत मोठी इजा दिसत नाही, पण वेदना टिपणारी चेतासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. अनेक रुग्णांत दोन किंवा तिन्ही प्रकार एकत्र असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारावर चालणारी गोळी दुसऱ्यावर फारशी चालत नाही. पायांची आग होत असताना सांधेदुखीच्या गोळ्या वाढवत नेल्या, तर दुष्परिणाम तेवढे वाढतात आणि आग तशीच राहते.

वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या वेळी जोडलेल्या टिपणांत, वेदना होत असल्याचे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर व्हावा, असेही नमूद केले आहे. एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये काही दिसले नाही म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ काढता येत नाही.

वेदनाशामक गोळी शरीरात काय करते?

डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच मोठ्या कुटुंबातील औषधे आहेत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि वेदनेची जाणीव तीव्र होते. ही औषधे त्या रसायनांची निर्मिती रोखतात. अॅस्पिरिन नेमके हेच करते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या संशोधनासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन केवळ वेदना निर्माण करत नाही. जठराच्या अस्तराचे आम्लापासून संरक्षण आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा टिकवणे, हीदेखील त्याची कामे आहेत. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी जठरातील आणि मूत्रपिंडातील ही रसायनेही रोखते. जळजळ, अल्सर, रक्तस्राव, अंगावर सूज, रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडावर ताण हे दुष्परिणाम त्यातून येतात. जठराला कमी त्रास देणारी म्हणून पुढे काही औषधे आली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा झटका व पक्षाघाताचा धोका वाढवत असल्याचे दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. या कुटुंबातील इतर औषधांबाबतही हृदयरुग्णांनी काळजी घ्यावी लागते.

पॅरासिटामॉलची क्रिया वेगळी आहे. ते जठर आणि मूत्रपिंडाला तुलनेने सौम्य असते, पण मात्रा ओलांडल्यास यकृताला घातक ठरते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली जाते. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्यपान होत असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. सर्दीची गोळी, अंगदुखीची जोडगोळी आणि तापाची साधी गोळी या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

दोन गोळ्यांच्या पाच गोळ्या कशा होतात?

समजा, कळव्यातील ५४ वर्षांच्या एका महिलेला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू आहे. गुडघे दुखू लागल्यावर ती शेजारणीला गुण आलेली अॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी मेडिकलमधून आणते. जुने पाकीट दाखवले की नवे मिळते. दोन महिन्यांनी छातीत जळजळ होते, म्हणून पित्ताची गोळी सुरू होते. वेदनाशामकामुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब वाढतो. फॅमिली डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीची कल्पना नसल्याने ते रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन वाढवतात. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, तशी ती येते. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते.

दोनाच्या पाच गोळ्या झाल्या. प्रत्येक गोळी समोरच्या तक्रारीला धरूनच दिली गेली आहे, पण आता तिच्या शरीरात तीन औषधांचे घातक त्रिकूट तयार झाले आहे : टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध, लघवी वाढवणारे औषध आणि वेदनाशामक. मूत्रपिंडातील गाळणीत रक्ताचा पुरेसा दाब राहावा लागतो. यांपैकी एक औषध आत येणारे रक्त घटवते, दुसरे बाहेर जाणारी वाट सैल करते आणि तिसरे शरीरातील एकूण पाणी कमी करते. त्यातच उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले गेले किंवा जुलाब-उलट्या झाल्या, की क्रिएटिनिन झपाट्याने वाढू शकते. तोवर बहुधा काहीच जाणवत नाही.

या साखळीतील पहिली कडी म्हणजे डॉक्टरांना न सांगितलेली गोळी. ती वेळेवर समजली असती, तर पुढच्या तीन गोळ्यांची गरज कदाचित पडलीच नसती. त्यामुळे नवी तक्रार उद्भवली की ती नव्या आजाराची आहे की चालू औषधाची, हा प्रश्न नवी गोळी सुरू होण्यापूर्वी विचारायला हवा.

भारतात या औषधांबाबत कोणते इशारे दिले गेले?

डायक्लोफिनॅकचा सर्वात ठळक फटका बसला तो माणसांना नव्हे, तर गिधाडांना. हे औषध दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांची संख्या कोसळली. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. गुरांच्या शरीरात अॅसिक्लोफिनॅकचे रूपांतर डायक्लोफिनॅकमध्येच होत असल्याने २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद करण्यात आले. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही. तरीही मूत्रपिंड हे या औषधांचे दुखरे स्थान आहे, एवढे यातून कळते.

निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ मध्ये बंदी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अॅसिडबाबत सुरक्षा इशारा दिला. पाळीच्या वेदनांसाठी हे औषध घरोघरी वापरले जाते. क्वचित काही जणांमध्ये ते सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणे आणि यकृतासारख्या अवयवांना इजा अशी तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते, असे त्यात म्हटले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. अॅसिक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम या मिश्रणाचाही त्यात समावेश होता. अॅसिक्लोफिनॅकची इतर मिश्रणे मात्र बाजारात आहेत.

अफूवर्गीय औषधांची कथा वेगळी आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. दुसरीकडे, याच कायद्याच्या जाचामुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे कठीण झाले होते. त्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे करण्यात आले. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फिन नाकारणे हा अन्याय ठरतो. साध्या कंबरदुखीत मात्र अशी औषधे महिनोन्महिने चालू ठेवल्यास शरीराला त्यांची सवय होण्याचा धोका असतो.

मज्जातंतूंवरील औषधांचे काय?

मज्जातंतूंच्या वेदनेसाठी प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन किंवा अल्प मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन दिले जाते. मेडिकलच्या पाकिटावरील माहिती वाचून किंवा इंटरनेटवर नाव शोधून अनेकांना धक्का बसतो, कारण यांतील काही औषधे फिट्स किंवा नैराश्यावरही वापरली जातात. ‘डॉक्टरांनी मला वेड्याची गोळी दिली’ असे म्हणून ती तिथेच थांबवली जाते. वस्तुस्थिती अशी, की वेदनेचे संदेश वाहून नेणारी आणि नैराश्यात बिघडणारी काही रसायने सारखीच आहेत. अॅमिट्रिप्टिलिन वेदनेसाठी दिले जाते, तेव्हा त्याची मात्रा नैराश्यावरील मात्रेपेक्षा बरीच कमी असते.

या औषधांचा गुण वेदनाशामकासारखा तासाभरात येत नाही. त्यासाठी काही आठवडे जावे लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून जाणवतात. प्रीगॅबॅलिन व गॅबापेंटिनने गुंगी, चक्कर, पायांवर सूज आणि वजनवाढ होऊ शकते. अॅमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि ज्येष्ठ पुरुषांना लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळ होते. गुंगी आणि मळमळ अनेकदा एक-दोन आठवड्यांत कमी होते. ट्रॅमाडॉलमुळे होणारी बद्धकोष्ठता सहसा कमी होत नाही, त्यावर वेगळा उपाय करावा लागतो. औषध संध्याकाळी घेणे, अर्ध्या मात्रेने सुरुवात करणे, हळूहळू वाढवणे असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. पण त्रास होतो हे त्यांना समजले, तरच ते वापरता येतात. रिक्षा चालवणाऱ्या किंवा यंत्रावर काम करणाऱ्या रुग्णाने आपले काम काय आहे, हे औषध लिहिण्यापूर्वीच सांगायला हवे.

ही औषधे आणि दीर्घकाळ घेतलेले ट्रॅमाडॉल किंवा स्टिरॉइड अचानक बंद करू नये. प्रीगॅबॅलिन एकदम थांबवल्यास झोप उडणे, अस्वस्थता, घाम येणे असा त्रास होतो आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. स्टिरॉइड एकदम थांबवल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. मात्रा कशी उतरवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावे?

सर्वात उपयोगी म्हणजे एक कापडी पिशवी. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, मलम, तेल, चूर्ण, काढा आणि कॅल्शियम-व्हिटॅमिनची डबी पाकिटासह तिच्यात टाकावी. नावे आठवत बसण्यापेक्षा पिशवी टेबलावर ठेवणे सोपे पडते आणि एकच घटक दोन नावांनी चालू असेल, तर तो डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतो. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधे आणि हृदयविकारासाठीचे अॅस्पिरिन यांचा उल्लेख न विसरता करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत वेदनाशामक घेतल्यास रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो.

‘हे आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही’ असे समजून अनेक जण चूर्ण आणि पुड्या लपवतात. सांधेदुखीवर दोन दिवसांत चमत्कारिक गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइडची भेसळ असल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघड झाली आहेत. चेहरा गोल होणे, वजन आणि साखर एकदम वाढणे, त्वचेवर सहज काळे-निळे डाग पडणे ही त्याची चिन्हे असू शकतात. अशी पुडी बराच काळ घेतली असेल, तर तीही स्वतःहून एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे छोटी वही. तिच्यात रोज चारच नोंदी पुरतात. वेदना शून्य ते दहामध्ये किती, झोप कशी लागली, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि नवा त्रास कोणता झाला. ‘मंगळवार, वेदना ६, रात्री दोनदा जाग, गोळी सकाळी व रात्री, संध्याकाळी घोटे सुजले’ एवढी एक ओळ बास. दोन आठवड्यांच्या अशा चौदा ओळींतून जे दिसते, ते ‘कधी कधी घेते गोळी’ या उत्तरातून कधीच दिसत नाही. डोकेदुखीत ही मोजणी विशेष महत्त्वाची ठरते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, आणि मिश्र वेदनाशामके वा मायग्रेनच्या खास गोळ्या १० किंवा त्याहून अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. तिथे उपचार असतो तो गोळ्या कमी करण्याचा.

दुखणे सांगायचे कसे?

मराठीत दुखण्यासाठी भरपूर शब्द आहेत आणि त्यांचा निदानाला थेट उपयोग होतो. ठणकणे आणि ठसठसणे हे सुजेकडे बोट दाखवतात. आग होणे, भगभगणे, मुंग्या येणे, चमक मारणे, बधिर होणे हे मज्जातंतूंकडे नेतात. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तास आखडलेले राहतात, की चालल्यावर गुडघा दुखतो, यावरून संधिवात आणि झीज यांतील फरक कळायला मदत होते. ‘फार दुखतं हो डॉक्टर’ असे सांगण्याऐवजी कुठे, कसे, कधी वाढते आणि कशाने कमी होते, हे आपल्या बोलीत सांगितले तरी चालते.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचे असते ते अडलेले काम. स्थानकाचा पूल मध्ये न थांबता चढता येतो का? ओट्यापाशी सलग किती वेळ उभे राहता येते? भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता-उठता येते का? रात्री कूस बदलताना जाग येते का? दीर्घकालीन वेदना पूर्ण शून्यावर आणणे अनेकदा शक्य नसते आणि तेच ध्येय ठेवले, की गोळ्या वाढत जातात. वेदना तीसएक टक्क्यांनी कमी झाली, तरी रुग्णाच्या दृष्टीने तो ठळक फरक मानला जातो. ‘तीन महिन्यांत पूल न थांबता चढायचा आहे’ असे ध्येय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवले, तर औषध चालते आहे की नाही, हे दोघांनाही पाहता येते.

बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. त्यामुळे सर्वात महत्त्वाची गोष्ट सर्वात आधी सांगावी. ‘डॉक्टर, गुडघ्याची गोळी मी चार महिने रोज घेतेय, दोन आठवड्यांपासून पाय सुजतायत, आणि रक्तदाबाचीही गोळी चालू आहे’ हे बोलायला दहा सेकंद लागतात. हीच माहिती उठता उठता, दारात थांबून दिली, तर चिठ्ठी आधीच लिहून झालेली असते. गोळी आपल्या मनाने वाढवली किंवा सोडली असेल, तर तेही सांगावे. डॉक्टर रागावतील या भीतीने ‘हो, नियमित घेतो’ असे म्हटले, की औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवली जाते.

डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत?

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. पाच प्रश्न पुरेसे ठरतात. हे औषध माझ्या कोणत्या त्रासासाठी आहे? गुण कधीपर्यंत दिसायला हवा? किती दिवसांनी बंद करायचे? कोणता त्रास झाल्यास लगेच थांबवायचे? रक्तदाब, क्रिएटिनिन किंवा यकृताची तपासणी केव्हा करायची? साठी ओलांडलेले, मधुमेही, रक्तदाबाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना वेदनाशामक काही दिवसांहून अधिक काळ द्यायचे असेल, तर सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने क्रिएटिनिन पाहणे गरजेचे असते.

गोळीऐवजी दुसरे काही चालेल का, हेही विचारता येते. गुडघा आणि हात यांसारख्या त्वचेलगतच्या सांध्यांवर वेदनाशामक जेल लावल्यास औषध रक्तात फार कमी उतरते. त्यामुळे जठर व मूत्रपिंडावरील परिणामही कमी होतो. गर्भवती महिलांनी किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी तसे आधीच सांगावे. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी एकत्र असेल आणि डेंग्यूची शक्यता असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन टाळावे लागते, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधीच रोज वेदनाशामक घेणाऱ्याने अशा तापात ते सर्वप्रथम सांगायला हवे. हृदयविकारासाठीचे अॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

दुष्परिणाम दिसल्यास काय करावे?

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे, धाप लागणे, लघवी एकदम कमी होणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, तापासह अंगभर पुरळ येणे, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, डोळे पिवळे होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी वेदनाशामकाची पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठावे आणि पाकीट सोबत न्यावे. जळजळ, थोडी सूज, गुंगी, बद्धकोष्ठता यांसाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. एखाद्या औषधाची अॅलर्जी सिद्ध झाली, तर त्याचे नाव केसपेपरवर ठळक लिहून घ्यावे आणि त्याची चिठ्ठी पाकिटात ठेवावी. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरकडे तीच चिठ्ठी उपयोगी पडते.

दुष्परिणामाची नोंद सरकारकडेही करता येते, हे फार कमी जणांना माहीत असते. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे काम पाहते. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः तक्रार नोंदवू शकतात. मेफेनॅमिक अॅसिडचा इशारा निघाला, तो याच यंत्रणेकडे जमा झालेल्या नोंदींच्या छाननीतून. एका रुग्णाचे पुरळ योगायोग वाटू शकते, पण अनेक शहरांतून तशाच नोंदी आल्या की त्यातले साम्य दिसू लागते.

गोळीशिवाय काय उपाय आहेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना, म्हणजे साधारण १३ पैकी एकाला, कंबरदुखी होती. संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये ठरावीक कारण सापडत नसलेल्या दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला आजार समजावून सांगणे, व्यायाम, काही प्रकारची भौतिक चिकित्सा, मानसोपचारातील वर्तनात्मक पद्धती आणि सूजविरोधी वेदनाशामके यांची त्यांत शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ताणणे म्हणजे ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय औषधे मात्र नेहमीच्या उपचारांत देऊ नयेत, असे त्यांत सांगितले आहे. आपल्याकडे कंबर धरली की आधी पट्टा आणला जातो आणि व्यायाम शेवटी आठवतो, हे लक्षात घेता ही शिफारस बोलकी आहे.

व्यायामानेही सुरुवातीला थोडे दुखते. त्यामुळे ‘दुखणे वाढले, म्हणजे इजा झाली’ असे समजून तो सोडला जातो. किती दुखणे चालेल आणि कुठे थांबायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे. बरे वाटते त्या दिवशी घर धुऊन काढायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, ही पद्धतही बदलावी लागते. कामाचे तुकडे पाडून रोज ठरावीकच काम केले, तर गोळ्यांची गरज कमी होते. अपुरी झोप आणि उदासी यांनी वेदना वाढते, हे सिद्ध झालेले आहे. डॉक्टरांनी मनःस्थितीबद्दल विचारले, म्हणजे ते दुखण्याला मनाचे खेळ म्हणत आहेत, असे नव्हे.

कळव्यातील रुग्णाने कुठे जावे?

ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यातच आहे आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. मुंब्रा, दिवा, भिवंडीपासून पालघर जिल्ह्यापर्यंतचे रुग्ण तिथे येतात, त्यामुळे गर्दी मोठी असते. रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन अशा तपासण्या आणि हाडांच्या तक्रारींसाठी सार्वजनिक रुग्णालय हा परवडणारा मार्ग आहे. गर्दीतला वेळ वाचवायचा, तर जुने केसपेपर, तपासण्यांचे अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. कर्करोगाच्या वेदनेसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे.

मात्र कुठेही गेले तरी सर्व औषधांची माहिती असणारा एक डॉक्टर हवा. रक्तदाबाचे डॉक्टर एक, हाडांचे दुसरे, मधुमेहाचे तिसरे आणि मधल्या काळात मेडिकलवाले, अशी विभागणी झाली की प्रत्येकाला आपल्यापुरतीच चिठ्ठी दिसते. नाक्यावरचा जुना फॅमिली डॉक्टर या कामाला सर्वात योग्य. नवी गोळी कोणीही दिली, तरी ती आठवड्याभरात त्यांना दाखवावी आणि वर्षातून किमान एकदा संपूर्ण पिशवी त्यांच्यासमोर रिकामी करावी. वारंवार सांगूनही डॉक्टर ऐकून घेत नसतील, तर वही आणि अहवाल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

वरच्या उदाहरणातील महिलेने पाचही पाकिटे एका डॉक्टरसमोर ठेवली, तर काय होऊ शकते? वेदनाशामक बंद करून गुडघ्यावर जेल सुरू होईल. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले जातील. दोन-तीन आठवड्यांनी रक्तदाब आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहिले जाईल. रक्तदाब उतरलेला असेल, तर अॅम्लोडिपिन कमी होईल, त्यासोबत घोट्याची सूज आणि लघवीची गोळीही. जळजळ थांबली, तर पित्ताची गोळी सुटेल. गुडघा तरीही थोडा दुखत राहील. पण पूल चढताना ती कितीदा थांबते, याची नोंद वहीत असेल आणि पुढच्या भेटीत बोलणे तिथून सुरू होईल.